ओझीचं वटवाघूळ पुरे झालं, आता ब्लॅक सॅबथबद्दल लिहा : मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वर्तमानपत्रं, न्यूज चॅनल आणि पोर्टलचे संपादक, मनोरंजनाचं पान बघणारे, आणि रात्रपाळीला डेस्कवर बसून बातम्या चढवणारे सगळे,

नमस्कार.

22 जुलै 2025 ला ओझी ऑस्बोर्न गेला, इंग्लंडमधल्या ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल (म्हणजे जड गिटारचं, मोठ्या आवाजातलं रॉक) बँडचा गायक. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली, त्यामुळे तुमची खरी धावपळ दुसऱ्या दिवशी सकाळी झाली असणार हे समजू शकतो. पण त्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर जे छापून आलं, जे चॅनलवर चाललं, ते बघून डोकं उठलं. मी मेल केले, उत्तर नाही. एका ठिकाणी फोन लावला, "बघतो" म्हणाले आणि ठेवला. मग रविवारच्या एका पुरवणीत सैतान, रक्त, वटवाघूळ, ड्रग्ज असा सगळा मसाला टाकून अर्धं पान आलं आणि त्यात गाण्याबद्दल एक ओळ नव्हती. गायक मेलाय आणि गाण्याबद्दल एक ओळ पण नाही. म्हणून हे उघड लिहितोय. कुणाचं नाव घेत नाहीये, कारण एकाचं घेतलं की बाकीचे सुटतात आणि यात सुटण्यासारखं कुणी नाहीये.

मी चिंचवडचा. मेकॅनिकल डिप्लोमा केला, भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमधे लागलो आणि आजही त्याच लाईनीत आहे. वडील पण त्याच लाईनीतले. पत्रा आत सरकवायचा, पाय पॅडलवर, स्ट्रोक पडला की पार्ट काढायचा, परत पत्रा, आठ तास, ओव्हरटाईम असला तर बारा. ब्लॅक सॅबथ पहिल्यांदा ऐकलं ते होस्टेलवर कुणाच्या तरी पेन ड्राईव्हमधून आणि तेव्हा काय आवडलं ते सांगता आलं नसतं, नुसतं जड वाटलं, छातीत बसलं. नोकरीला लागल्यावर एकदा सेकंड शिफ्ट करून येताना बसमधे कानात 'आयर्न मॅन' लागलं आणि म्हणलं अरे हे तर आपल्या शॉपमधलंच आहे सगळं, हा वेग, हे थांबून परत पडणं. मग वाचत गेलो तेव्हा कळलं की हा माझा भास नव्हता. ही माणसं खरंच कारखान्यातून आलेली. त्यामुळे तुम्ही जे छापलंत ते मला परक्या देशातल्या कुठल्यातरी स्टारबद्दल वाटलं नाही, आपल्यातल्या माणसाची कुणीतरी टिंगल करून गेल्यासारखं लागलं.

आता तक्रारी.

पहिली त्या वटवाघळाची, कारण तुमच्या हेडलाईनपासून सगळीकडे तेच. तर ती घटना 20 जानेवारी 1982 ची, अमेरिकेत आयोवा राज्यात डे मॉईन शहरातली. प्रेक्षकांतून कुणीतरी वटवाघूळ स्टेजवर फेकलं, ओझीला ते रबरी खेळणं वाटलं, त्याने चावलं आणि मग रेबीजची इंजेक्शनं घ्यायला लागली. बास, एवढंच आहे ते. आणि मुळात तेव्हा तो ब्लॅक सॅबथमधे नव्हताच, बँडने त्याला 1979 मधेच काढून टाकलेलं, हा त्याचा स्वतःचा वेगळा बँड होता. म्हणजे ज्या बँडने आख्खं हेवी मेटल उभं केलं त्याच्या गायकाच्या मृत्युलेखात तुम्ही जी गोष्ट सगळ्यात वर घेतली तिचा त्या बँडशी काडीचा संबंध नाही. माणूस 76 वर्षं जगला हो.

दुसरी तक्रार सैतानाची आणि ही जरा मोठी आहे.

नाव ब्लॅक सॅबथ, पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला आणि तो वार शुक्रवार, कव्हरवर एका जुन्या पाणचक्कीसमोर काळ्या कपड्यातली बाई. हे सगळं बघून ते सैतानाचे भक्त होते असं वाटायला तुम्ही पहिले नाही, तेव्हाही लोकांना वाटलं. पण पन्नास-पंचावन्न वर्षांनी लिहिताना थोडं तरी पुढे जायला हवं ना. आधी बँडचं नाव 'अर्थ' होतं, इंग्रजीतलं अर्थ, म्हणजे पृथ्वी. त्यांच्या प्रॅक्टिसच्या जागेसमोरच्या थिएटरात बोरिस कार्लॉफचा भुताचा सिनेमा लागलेला, बाहेर रांग, आणि यांच्या डोक्यात आलं की लोक घाबरायला पैसे मोजतात तर आपण घाबरवणारं म्युझिक का करू नये. सिनेमाचंच नाव उचललं. धंद्याची अक्कल होती ती, पूजा नव्हती.

बँडची बहुतेक गाणी लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बमात 'आफ्टर फॉरेव्हर' म्हणून गाणं आहे ते चक्क देवाच्या बाजूने आहे, आजच्या एखाद्या चर्चमधे वाजवलं तर कुणी हरकत घेणार नाही, गिटारचा आवाज कमी केला तर. गळ्यात जे क्रॉस घालायचे ते ओझीच्या वडिलांनी, जॅक ऑस्बोर्न यांनी, कामावर ॲल्युमिनियममधून बनवून दिलेले. जॅक टूलमेकर होते, रात्रपाळी करायचे. म्हणजे बापाने पोराला आणि त्याच्या मित्रांना बाधा होऊ नये म्हणून कंपनीत बसून क्रॉस घडवले, आणि तुम्ही त्याच क्रॉसचा फोटो टाकून खाली काय लिहिलं, तर "काळ्या जादूची चिन्हं". मी टूल रूममधे काम केलंय, सुपरवायझरची नजर चुकवून घरच्यासाठी काहीतरी घडवणारे बाप मी पाहिलेत, त्यामुळे ही ओळ मला जास्तच झोंबली.

आणि मेटलचे फॅन हात वर करून दाखवतात ते दोन बोटांचं शिंग. ते जगभर नेलं रॉनी जेम्स डिओने, ओझीला काढल्यावर बँडमधे जो गायक आला आणि ज्याच्याबरोबर 1980 मधे 'हेवन अँड हेल' अल्बम झाला त्याने, आणि तो सांगायचा की ही खूण त्याच्या इटालियन आजीची, वाईट नजर लागू नये म्हणून ती करायची. आपल्या आज्या मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात, त्यातलाच प्रकार. एका चॅनलच्या अँकरने ही खूण करून दाखवत "सैतानाला आवाहन" असं म्हणलं आणि वर हसली.

सैतान सैतान करताना तुम्ही त्यांची गाणी कशावर आहेत ते बघितलंच नाही. 'वॉर पिग्ज' व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं गाणं, लढाई लावून स्वतः मागे लपणाऱ्या सेनापती आणि पुढाऱ्यांवर. 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून हेरॉईनच्या आहारी जाऊन परतणाऱ्या सैनिकांवर. 'इलेक्ट्रिक फ्युनरल' अणुबॉम्बवर. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' पण तसंच, आणि 'इंटू द व्हॉईड' मधे माणसांनी पृथ्वी खराब करून ठेवलीय म्हणून ती सोडून निघालेली माणसं. हे 1970-71 मधे. तेव्हा बाकीचे डोक्यात फुलं माळून प्रेम प्रेम करत होते. मला त्यांच्याबद्दल राग नाही, पण बर्मिंगहॅम शहरातल्या ॲस्टन भागातून आलेल्या या पोरांकडे फुलं नव्हती. तिथे युद्धात बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागा होत्या आणि कारखाने होते.

सैतानाचा स्वर म्हणून पण एकाने लिहिलंय. तर तेही सांगून टाकतो, कारण मराठी वाचकाला ते एका मिनिटात कळण्यासारखं आहे. 'ब्लॅक सॅबथ' या गाण्याची सुरुवातीची गिटार म्हणजे तीनच सूर. सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. सा आणि तीव्र म यांच्यामधल्या या अंतराला युरोपात सैतानाचं नाव चिकटलं. आपल्याकडे हाच तीव्र म यमनमधे आहे, मारव्यात आहे, पुरियात आहे, गाण्याच्या क्लासला जाणारी प्रत्येक मुलगी पहिल्या वर्षी तो गाते आणि कुणाच्या घरात सैतान येत नाही. फरक इतकाच की बँडचा गिटारवाला टोनी आयोमी याने तो सूर संथ, एकटा आणि प्रचंड मोठ्या आवाजात ठेवला. त्याआधी पाऊस आणि घंटा. आदल्या दिवशी गीझर होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराच्या 'मार्स' मधला तुकडा बेसवर वाजवत होता, त्यातून ते सुचलं. तुमच्याकडे शास्त्रीय संगीतावर लिहिणारी इतकी चांगली माणसं आहेत, त्यातल्या एकाला जरी ते गाणं ऐकवलं असतं तरी तुमच्या पानाचा दर्जा वाढला असता.

तिसरी तक्रार ही माझी खरी तक्रार आहे. टोनी आयोमीचा हात.

1965 ची गोष्ट, टोनी तेव्हा 17 वर्षांचा. बर्मिंगहॅममधे पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. गाण्याचा दौरा मिळालेला म्हणून नोकरी सोडणार होता आणि हा त्याचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, म्हणाला आता परत जात नाही, आई म्हणाली असं नाही करायचं, दिवस पूर्ण कर. गेला. प्रेसवर जी बाई असायची ती त्या दिवशी आली नव्हती म्हणून याला प्रेसवर उभं केलं, ज्या मशीनची त्याला सवय नव्हती. प्रेस हातावर आली, त्याने दचकून हात ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा, म्हणजे उजव्या हाताने तारा दाबणारा, तेव्हा नेमकी तीच बोटं गेली. डॉक्टर म्हणाले विसर गिटार.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. ऑपरेटर आला नाही म्हणून हेल्परला मशीनवर उभं करणं, आधी न शिकवता. घाईत टार्गेट. मी जिथे काम केलं तिथे टू-हँड बटण असलेल्या, म्हणजे दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय न चालणाऱ्या मशीनवर एक बटण टेपने दाबून ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, सेन्सर बायपास केलेला पाहिलाय, का तर प्रत्येक पार्टमागे दोन सेकंद वाचतात. माझ्या सख्ख्या काकांची दोन बोटं अशीच गेली, दुसऱ्या एका कंपनीत. ते तबला वाजवायचे, भजनी मंडळात. नंतर टाळ घेऊन मागे बसायला लागले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही की असंही वाजवता येतं.

टोनीला सांगणारा भेटला. कारखान्यातल्या मॅनेजरनेच त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून दिली, आधी ऐकायला लावली आणि मग सांगितलं की हा माणूस तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांवर हे वाजवतोय, बाकीची दोन 1928 मधल्या आगीत निकामी झालेली. मग टोनीने काय केलं तर भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, त्याची बोटांवर बसतील अशी टोपणं केली, पॉलिश पेपरने घासून घासून मापात आणली आणि वरून जुन्या जॅकेटचं कातडं चिकटवलं म्हणजे तार घसरणार नाही. हे काय आहे, हे जुगाड आहे, हे कुठल्याही टूल रूममधल्या माणसाला बघताक्षणी कळेल. बोटं दुखतात म्हणून हलक्या तारा हव्या होत्या, तशा बाजारात मिळेनात, तर बँजोच्या तारा लावून बघितल्या. पुढे 'मास्टर ऑफ रिॲलिटी' च्या वेळेला गिटार बऱ्याच गाण्यांत तीन सेमिटोन (अर्धे सूर) खाली उतरवली, तारा सैल झाल्या, दाबायला सोप्या गेल्या आणि आवाज आणखी खोल, आणखी जड झाला. मोठे मोठे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे बरेच सूर, धरताना त्रास व्हायचा म्हणून दोन-दोन सुरांचे साधे आकार जास्त वापरले. आज जगात कुठेही कुठलाही मेटल बँड गिटार खाली उतरवून वाजवतो ना, त्यातल्या कितीतरी पोरांना माहिती पण नसेल की हे एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांमुळे सुरू झालं.

आणि ही गोष्ट तुमच्या एकाही बातमीत नव्हती. निदान मी जेवढ्या वाचल्या त्यात तरी नाही. तुमचा पेपर पिंपरी-चिंचवड, चाकण, अंबड, वाळूज, बुटीबोरी, इचलकरंजी इथे जातो. तिथल्या कँटीनमधे तो हातोहात फिरतो. तिथे बसलेल्या माणसाला वटवाघूळ जवळचं वाटेल की ही बोटं, तुम्हीच सांगा.

पटपट बाकीच्या. बँड चार जणांचा होता, टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ओझी. तुमच्याकडे तो "ओझीचा बँड" झाला. ड्रमर बिल वॉर्डचं नाव तर कुठेच नाही, जो जॅझ ऐकून वाढला आणि ज्याच्यामुळे त्या जड गिटारखाली ताल झुलत राहतो, नुसता ठोकत नाही. हे तिघं आज जिवंत आहेत, तेव्हा पुढच्या वेळेला तरी. ग्रुप फोटो म्हणून एका पोर्टलवर चेहरे रंगवलेल्या भलत्याच बँडचा फोटो होता आणि मी हे लिहितोय तोवर तो तसाच आहे. पहिला अल्बम "अनेक महिन्यांच्या मेहनतीनंतर" आला असं एकाने लिहिलं, तो 16 ऑक्टोबर 1969 ला एका दिवसात रेकॉर्ड झालाय, एका दिवसात, आणि तेच तर त्यातलं भारी आहे. टीकाकारांनी तेव्हा झोडपला, लोकांनी उचलला, इंग्लंडात आठव्या नंबरपर्यंत गेला आणि त्याच वर्षी आलेला 'पॅरॅनॉईड' पहिल्या नंबरवर.

मरायच्या सतरा दिवस आधी, 5 जुलैला, याच माणसाने बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर शेवटचा कार्यक्रम केला. पार्किन्सनने उभं राहता येत नव्हतं, खुर्चीत बसून गायला. चौघे मूळ मेंबर 2005 नंतर पहिल्यांदा एका स्टेजवर आले. मेटॅलिका, स्लेअर, गन्स एन रोझेस, पँटेरा, टूल, गोजिरा, असे बँड फक्त यांच्यासाठी आले आणि यांची गाणी वाजवून गेले. पैसे पार्किन्सनवर काम करणाऱ्या संस्थेला आणि मुलांच्या हॉस्पिटलला आणि हॉस्पिसला, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेला. हे स्टेडियम ओझीच्या लहानपणच्या घरापासून चालत जाण्याएवढं. मॅच असली की हा पोरगा तिथे लोकांच्या गाड्या राखून चिल्लर मिळवायचा. सहा भावंडं, छोटं घर, शाळेत अक्षरं लागायची नाहीत, मग खाटीकखान्यात काम, गाड्यांचे हॉर्न तपासायच्या फॅक्टरीत काम, चोरी करून सहा आठवडे जेल. ह्या सगळ्यानंतर त्याच गल्लीशेजारी शेवटचं गाऊन गेला. इतकी सरळ समोर पडलेली बातमी आणि 6 जुलैच्या तुमच्या अंकात मला शोधूनही सापडली नाही. मेल्यावर मात्र वटवाघूळ.

आता कुणीतरी म्हणेल की तो काय साधू होता का. नव्हता. दारू, कोकेन, गोळ्या, सगळं केलं. 1989 मधे नशेत बायकोचा गळा आवळला म्हणून अटक झाली. हे लिहू नका असं मी अजिबात म्हणत नाही, लिहाच, वटवाघळापेक्षा ते कितीतरी गंभीर आहे आणि गंमत म्हणजे ते तुम्ही लिहिलंच नाही, कारण त्याचा मीम होत नाही. आमच्यातले काही फॅन पण असे आहेत की त्याच्याबद्दल एक शब्द ऐकून घेत नाहीत, त्यांचंही मला पटत नाही. आणि नवीन पोरांना "पाच गाणी सांग बरं" म्हणून परीक्षा घेणारे तर डोक्यातच जातात, पण ते पत्र वेगळं लिहीन.

"अशा संगीताने तरुण पिढी बिघडते" हे वाक्य दोन ठिकाणी होतं. हे वाक्य अमेरिकेत 1985 मधे सिनेटपर्यंत गेलं, तिथे आक्षेपार्ह गाण्यांची जी पंधराची यादी फिरली त्यात ब्लॅक सॅबथचं पण एक होतं. ओझीच्या दारूवरच्या एका गाण्यामुळे मुलाने जीव दिला असा खटला त्याच्यावर झाला आणि तोही कोर्टाने काढून टाकला. चाळीस वर्षांपूर्वी वाजून गेलेली टेप आहे ही. पोरं कशाने बिघडतात यावर लिहायचं असेल तर बारा-बारा तासांच्या कॉन्ट्रॅक्टवर लिहा.

शेवटची तक्रार आपल्या घरातली. ब्लॅक सॅबथचा वारसा म्हणजे फक्त बर्मिंगहॅम नाही. तिथे निदान शहराने त्यांना आपलं म्हणलंय, ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला 2019 मधे बँडचं नाव दिलं, बर्मिंगहॅम रॉयल बॅले कंपनीने 2023 मधे त्यांच्या गाण्यांवर बॅले केला, 2025 च्या जूनमधे चौघांना शहराचा मोठा मान दिला, आणि 30 जुलैला अंत्ययात्रा त्याच पुलावर थांबली, पुढे ब्रास बँड यांचीच गाणी वाजवत होता. आणि आपल्याकडे? मुंबईत धोबी तलावला रंगभवन हे खुलं थिएटर होतं. 1986 पासून तिथे इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, पूर्ण देशातले बँड तिथे वाजवायला यायचे, कॉलेजची पोरं लोकलने येऊन रांगा लावायची. मग आवाजाचे नियम आले, शेजारी कॉलेज, हॉस्पिटलं, म्हणून शांतता क्षेत्र, आणि रंगभवन गप्प झालं. नियम मला मान्य आहे, हॉस्पिटलशेजारी शांतता हवीच, फक्त तोच नियम मिरवणुकीत डीजेच्या भिंती लावणाऱ्यांना दिसला तर बरं होईल. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या जागेवर काय घडलं याची मराठीत नीट नोंद कुणी केली? डेमोनिक रिझरेक्शन 2000 पासून, भयानक मौत 2003 पासून, हे मुंबईचे बँड, बाहेरच्या मेटलवाल्यांना माहिती आहेत. तुमच्या पानावर ते कधी आले, आणि आले तर कशासाठी, "भयानक नाव" म्हणून? पुण्यात, नाशकात, नागपुरात पोरं गॅरेजमधे, बंद पडलेल्या वर्कशॉपमधे वाजवतायत. त्यातली निम्मी दिवसा नोकरी करतात, आमच्यासारखीच.

तर मागण्या अशा आहेत. साध्या आहेत, खर्च शून्य.

एक, जे ऑनलाईन अजून पडून आहे त्यात दुरुस्ती करा. चुकीचा फोटो काढा, वटवाघळाच्या घटनेशी ब्लॅक सॅबथचं नाव जोडलंय ते काढा, क्रॉसची फोटोओळ बदला आणि खाली लिहा की दुरुस्ती केली आहे. गुपचूप बदलू नका.

दोन, "सैतानी संगीत", "सैतानाचा पुजारी" हे शब्द हेडलाईनमधे वापरायचे असतील तर कोण कुठे सैतानाची पूजा करत होतं ते आत दाखवा. दाखवता येत नसेल तर वापरू नका.

तीन, एका रविवारी अर्धंच पान द्या, पण म्युझिकवर. गीझरचे शब्द, बिलचे ड्रम, टोनीची बोटं. लिहायला माणूस मिळत नाही हे कारण सांगू नका, प्रत्येक शहरात दहा तरी मिळतील, मीही काढून देईन. मला लिहायचं नाहीये, माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आहेत.

चार, रंगभवनला वाजवलेली, तिथे साऊंड लावलेली, तिकिटं फाडलेली माणसं आता साठीकडे निघालीत. त्यांच्याकडे पोस्टर आहेत, कॅसेट आहेत, किस्से आहेत. कुणी मेल्यावर विकिपीडिया उघडण्यापेक्षा ते हयात असताना जाऊन बसा त्यांच्याजवळ.

पाचवी मागणी मनोरंजनाच्या पानाची नाही, पण याच पत्रात करणार. एमआयडीसीत कुणाचा हात मशीनमधे गेला की तुमच्याकडे चार ओळी येतात, "यंत्रात हात सापडून कामगार जखमी", आणि त्यात कामगाराचं नाव, वय, गाव सगळं असतं, कंपनीचं नाव नसतं. "एका खासगी कंपनीत." ते नाव छापा. मशीनला गार्ड होता का, सेन्सर चालू होता का, तो माणूस त्या मशीनचा होता की कुणीतरी आलं नाही म्हणून उभा केलेला, हे विचारा आणि छापा. कामगार विम्याचं, ईएसआयचं पुढे काय झालं ते महिन्याने परत विचारा. पत्रकार म्हणून तुम्हाला गेटवर उत्तर द्यावं लागतं, आम्ही विचारलं तर दुसऱ्या दिवशी गेट पास बंद होतो.

चुकांची यादी, कुठल्या तारखेला कुठे काय छापलं त्यासकट, मी सगळ्यांना परत मेल करतोय. या वेळेला उत्तर द्या.

आपला,
प्रेस शॉपमधला एक वाचक, चिंचवड